डावीकडे वळली की रडणारी गाडी

एकोणीसशे चौसष्ट साल. दर गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता चौकात मुंगी शिरायला जागा नसे. एका मेलेल्या माणसाचं रडणं ऐकायला सगळे जमत.

मोटारमिस्त्री वारले त्याला दोन महिने झाले होते. डॉक्टरांनी कागदावर हृदयविकार लिहिला होता. पण मिस्त्रींची तीस वर्षं जुनी काळी गाडी वेगळीच साक्ष देऊ लागली. बाजारातून ती निघे. चालवायला मिस्त्रींचा धाकटा भाऊ, मागे गळ्यात हार घातलेले बाबा. मालट्रक चालवायचं सोडून आपण संन्यास कसा घेतला, हे बाबा फार रंगवून सांगत. गाडी सरळ रस्त्याने गुरगुरत चौकात येई. उजवीकडे मठ होता. तिकडे वळवली की गप्प. मागे घेऊन डावीकडे, मिस्त्रींच्या गल्लीकडे वळवली, की मागच्या बाजूने असा आक्रोश उठे की बायका तोंडाला पदर लावत.

"ऐका! आत्मा विचारतोय, कुणी दिलं मला ते दूध? काय होतं दुधात?" बाबा डोळे फिरवत. "घर दाखवतोय बरं का, घर!"

त्या घरात मिस्त्रीणबाई होत्या. शेजारीण पाठ फिरवी. घरातली नणंद त्यांच्या हातचा चहासुद्धा घेईना. या गुरुवारी बाईंनी घर सोडायचं आणि गॅरेज मठाला द्यायचं, असं चार मोठ्या माणसांनी ठरवून टाकलं होतं.

पण बाईंनी एकोणीस वर्षं गाड्यांखाली काम करणाऱ्या नवऱ्याला दिवा धरला होता. खिडकीतून तो आक्रोश ऐकून त्यांना रडू येण्याऐवजी संताप आला. बुधवारी दुपारी दीर प्रवचनाला गेल्यावर त्यांनी नणंदेचा हात धरून तिला गाडी उभी असलेल्या गॅरेजमध्ये नेलं आणि फळीवरचा डबा उघडला. तेलकट कागदात नव्या बेअरिंगची जोडी होती.

"तुझ्या दादाने जायच्या आठ दिवस आधी आणली. म्हणाले, मागचं उजवं गेलंय. वळताना ओझं बाहेरच्या चाकावर येतं. डावीकडे वळलं की उजवं बोंबलतं."

"म्हणजे दादा रडत नाहीये?"

"जॅक मार, मग सांगते."

चाक निघालं, ब्रेकचा ड्रम निघाला. मधला नट गंजून बसलेला. त्याने बाईंच्या बोटांची सालटी काढली. आतला दांडा ओढून काढला, पुलरच्या पकडीने बेअरिंग उपटलं. नणंदेने ते बोटांवर फिरवलं. वाळू भरल्यासारखं खरखरलं.

"मी तुम्हाला काय काय बोलले, वहिनी!"

"नंतर रड. ते नवं दे."

"दोन्हीकडे नवी घाला, म्हणजे संपलं."

"संपलं? उद्या गाडी गप्प बसली तर बाबा म्हणेल, आत्मा शांत झाला. खुनी मात्र मी ती मीच." बाईंनी उजवीकडे नवं बसवलं. मग डावी बाजू खोलली आणि तिथे ते झिजलेलं ठोकून घातलं. "उद्या तुझा दादा मठाकडे वळून रडेल."

नणंद दोन महिन्यांनी पहिल्यांदा हसली.

गुरुवारी गाडी आली. दिराने डावीकडे वळवली. चूं नाही की चां नाही.

"आत्मा आज थकलाय," बाबा म्हणाले.

"थकणारच," गल्लीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या बाई म्हणाल्या. "भाऊजी, आता मठाकडे वळवा बघू."

दिराने वळवली आणि त्याच आक्रोशाने चौक दणाणला.

"बाबा," कोपऱ्यावरचा शिंपी ओरडला, "तुम्ही काय पाजलंत हो मिस्त्रींना?"

"अरे मूर्खा, यंत्र आहे ते! डावं बेअरिंग गेलंय!"



"अचूक ओळखलंत," बाई म्हणाल्या. "ट्रकवाल्याचे कान! मग दोन महिने उजवं गेलं होतं, ते नाही कळलं?"

बाबा उतरू लागले. पण शिंप्याने दार धरून ठेवलं. बाईंनी तिथेच गाडी उचलली. प्रत्येकाला डावं चाक हाताने फिरवायला लावलं, मग ते उतरवलं. चाकाचे नट धरायला बाबांना खिडकीतून ओंजळ पुढे करायला लावलं. तासाभरात जोडीतलं दुसरं नवं बेअरिंग बसलं. गाडी डावीकडे वळली, उजवीकडे वळली; दोन्हीकडे गप्प.

"आवाज आला तर आधी चाक वर उचला, फिरवून बघा," बाई जमावाला म्हणाल्या. "कुणाच्या दाराकडे बोट दाखवायचं ते नंतर ठरवा. मला घराबाहेर काढायला निघालात, आणि तुमच्यातला एकही जण वाकून चाकाखाली बघायला तयार नव्हता!"

दुसऱ्या दिवशी बाबांनी बोचकं बांधलं. स्टेशनवर सोडायला बाई स्वतः गेल्या, त्याच गाडीतून. चौकात मुद्दाम दोनदा उजवीकडे वळवली. "ऐकू येतंय का काही?" बाबांनी बोचकं उराशी धरलं. पुन्हा कधी ते दिसले नाहीत. मठाची पुढे पिठाची गिरणी झाली.

दिराने पाय धरले. बाईंनी त्याला कामावर ठेवलं, पण अकरा वर्षं फक्त रॉकेलमध्ये सुटे भाग धुवायला. स्टिअरिंगला हात लावू दिला नाही. ती चार मोठी माणसं आपापल्या गाड्या घेऊन गॅरेजला येत, तेव्हा बाई आधी त्यांना गुडघ्यांवर बसवून चाक फिरवायला लावत. त्यातल्या एकाच्या सुनेने, पाठ फिरवणाऱ्या त्या शेजारणीने, आयुष्यभर माफी मागितली. बाईंनी तिला चहा दिला, माफी दिली नाही.

बाई ऐंशीव्या वर्षी गेल्या. गॅरेज आता नणंद चालवते, आणि दारातल्या खिळ्याला ते झिजलेलं बेअरिंग अजून टांगलेलं आहे. कुणी चमत्काराची गोष्ट घेऊन आलं की ती ते काढून त्याच्या हातात ठेवते.

"फिरवा," म्हणते. "हा माझ्या दादाचा आत्मा."