पाळण्यावरची कागदी फुलं

झेंडू नाही, शेवंती नाही, आणि म्हणे बारसं! लेकीच्या त्या वाळवंटी अमेरिकन गावात, चँडलरच्या उन्हात खरी फुलं आणली असती तरी गाडीतून घरात येईपर्यंत त्यांनी माना टाकल्या असत्या. मी म्हटलं, राहू दे सावनी, फुलं मी करते. तिच्या बेबी शॉवरला आलेल्या पिशव्यांमधला पातळ रंगीत कागद मी जपून ठेवलाच होता. चौकोन कापायचे, चार-पाच एकावर एक ठेवून चुण्या घालायच्या, मध्ये दोरा आवळायचा आणि एकेक पदर हलक्या हातानं वर ओढायचा. झालं फूल. माझ्या आईनं शिकवलेलं.

नाहीतरी दुसरं करणार काय? लेकीच्या बाळंतपणाला आले आणि कोंडून पडले. गाडी चालवता येत नाही, बाहेर पाय ठेवावा तर चटका बसतो, रस्त्यावर माणूस म्हणून दिसत नाही. जावई यतीन गुणाचा, पण दिवसभर खोलीचं दार लावून त्याच्या मीटिंगा. मी आपली समोरच्या गॅरेजची बंद दारं बघत बसायची. फुलं करता करता एकच जप चालायचा, बारसं झालं की गुरुवारी विमान. वर्ध्याला माझी आई वाट बघतेय. नव्वदीला आलीय, माझ्या भावाकडे असते. हिवाळ्यात पडली, तेव्हापासून तिनं अंथरूण धरलंय. रोज फोनवर विचारते, "मालू, येतेस ना गं?" आणि मी रोज सांगते, "येते गं आई, आलेच." माझा सगळा जीव तिथे अडकलेला.

बारशाला पाळणा असा नटला की बायका हात लावून लावून बघत होत्या. तिकडच्यांना दिसावं म्हणून पाळण्यापाशी स्टँडवर फोन लावून व्हिडिओ सुरू केला होता. तिकडे रात्र, आईची झोपायची वेळ टळून गेली होती, तरी भावानं तिला उशांना टेकवून बसवलं होतं. तो मेला काळा स्टँड मला शुभकार्यात बघवेना, म्हणून त्यालाही फुलं बांधली. खरी आत्या पुण्यात, म्हणून शेजारची नीलांबरी आत्या झाली. तिनं बाळाच्या कानात 'नेत्रा' म्हटलं आणि सगळ्यांनी तिच्या पाठीत धपाधप गुद्दे घातले. घुगऱ्या वाटल्या, मग पाहुणे बाहेरच्या खोलीत जेवायला गेले.

नीलांबरी पाठ चोळत माझ्यापाशी आली. "काकू, काय सॉलिड फुलं आहेत! आमच्या गणपतीला पण करून द्याल ना? सावनी म्हणाली, तुम्ही दसऱ्यापर्यंत आहात. लकी आहे यार ती."

मी हसले. हसावंच लागलं. मग सावनीला पाळण्याच्या खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"तिकीट बदललंस?"

"आई, मी सांगणारच होते, बारसं झालं की..."

"मला न विचारता? मी काय सामान आहे का, ठेवलं तिथे पडून राहायला?"

"डेकेअरमध्ये जागा मिळत नाहीये. माझी लीव्ह संपतेय. जॉब गेला तर व्हिसा पण जाईल, सगळं गुंडाळून निघावं लागेल. काय करू मी? मला तू हवी आहेस, आई."

"आणि मला माझी आई हवी आहे!" ओरडलेच मी. "तुला आई आहे तशी मलाही आहे. ती तिकडे माझ्या वाटेकडे डोळे लावून पडलीय. दसऱ्यापर्यंत राहील का ती?"

सावनी मटकन खाली बसली आणि रडायला लागली. डोळ्यांखाली ही काळी वर्तुळं, केस तीन दिवस विंचरलेले नाहीत. तरी माझा राग हटेना. आज सोक्षमोक्ष लावायचाच, गुरुवारी निघायचं म्हणजे निघायचं.

तेवढ्यात फुलांतून आवाज आला. "मालू."

दोघी दचकलो. मी स्टँडवरची फुलं बाजूला सारली. फोन बंद करायचं कुणालाच सुचलं नव्हतं. आई उशांना टेकून तशीच बसली होती.

"तिला ओरडू नको. ओली बाळंतीण आहे ती," आई म्हणाली. मग धाप लागली म्हणून थांबली. "ती गुलाबी फुलं सैल झालीत बघ. दोरा आवळ जरा. आणि दसऱ्याला ये तू. मी आहे अजून."

भांडणार तरी कुणाशी आता? उरलीसुरली वाट आईनंच बंद केली. "बरं, आई," एवढंच माझ्या तोंडून निघालं.

नेत्रा उठून रडायला लागली. सावनीनं डोळे पुसले, तिला उचलून माझ्या हातात दिलं आणि मी घेतलं. तिकडे भाऊ फोन बंद करायला पुढे आला, तर आईनं त्याचा हात धरला.

"थांब रे," ती म्हणाली, "अजून जरा बघू दे मालूला."