उताराच्या तळाला

पोरगा दिपक गेला तेव्हा मिराबाई रडली नाही, याची चुटपुट तिच्यापेक्षा तांड्यातल्या बायकांनाच जास्त लागली. गोरेगावच्या वाटेवरच्या उतारावर त्याच्या सायकलचा ब्रेक गेला आणि तो मैलाच्या दगडावर डोक्यानं आदळला. बाकी अंगावर ओरखडा नव्हता. आल्या-गेल्याला मिराबाईनं भाकरी वाढली, स्वतःही खाल्ली. भाकरीला चव लागली नाही. मिठाचा खडा जिभेवर ठेवून पाहिला, त्यालाही नव्हती. मग तिनं चवीचा नाद सोडला.

महिन्याभरानं तांड्याचा नायक वसरामनं लिंबाखाली बैठक बसवली. तांड्यातल्या चार पोरी त्याच उतारावरून सायकलीनं गोरेगावच्या शाळेत जायच्या. त्यात दिपकची पोरगी पुजाही होती.

"सरकार कायदा करंल तवा करंल," वसराम म्हणाला. "तांड्याचा कायदा उद्यापासून. डोक्यावर हेल्मेट न्हाई, तर सायकल शिवेबाहेर न्हाई."

"आन् सायकलीचं हेल्मेट मिळतं कुठं?" मिराबाईनं विचारलं.

"गोरेगावात न्हाई, याडी," बाबूसिंग म्हणाला. सारा तांडा तिला याडी, म्हणजे आईच म्हणायचा. "मी इचारलं तर दुकानदार हसला माह्यावर." तांड्यात मोटारसायकल एकट्या बाबूसिंगची, आणि हेल्मेटही त्याचंच.

"मग सरळ म्हन ना नायका, पोरी घरी बसवायच्यात. हेल्मेटाला काहून पुढं करतोस?"

"तुझा पोरगा गेला म्हनून करून राहिलो, याडी. तू नको म्हन, आत्ता मोडतो."

सगळे तिच्या तोंडाकडे बघत राहिले. मागं पुजा ओढणीचं टोक चावत उभी होती. नको म्हणायला मिराबाईनं तोंड उघडलं आणि तिला तो दगड दिसला. वर पिवळा, खाली पांढरा. बाकी आत काहीच हललं नाही.

"ऱ्हाऊ दे कायदा," ती म्हणाली. "पण राखण मी करनार. तुमची नजर पानाच्या डब्यापलीकडं जात न्हाई."

सकाळी ती शिवेजवळ बाज टाकून बसली. पहिली पोरगी आली, डोक्यावर बाबूसिंगचं काळं हेल्मेट, भोपळ्याएवढं. गेली. थोड्या वेळानं दुसरी आली, तेच हेल्मेट. तिसरी आली, तेच. बाजूचा तोच ओरखडा, बाबूसिंगच्या तेलाचा तोच वास. कुंपणाच्या काट्यांवरून एक हात हेल्मेट अलीकडं देत होता, तेही मिराबाईनं पाहिलं. शेवटी पुजा आली. हेल्मेट नाकापर्यंत उतरलेलं.

"बाबूसिंगनं हेल्मेटाचं दुकान टाकलं का गं?"

"दादी, शाळा बुडंल."

"जा."

पुजानं शिवेबाहेर जाऊन हेल्मेट बाभळीच्या फांदीला अडकवलं आणि मोकळ्या डोक्यानं गेली. मागाहून बाबूसिंग ते घेऊन गेला. असंच चालू राहिलं. वसरामला दिसत होतं, पण तो तेवढ्या वेळापुरती मान वळवून तंबाखू मळायचा. कायदाही राहिला, शाळाही राहिली, सगळे खूश. मिराबाई बसून असायची. सायकलींच्या घंट्यांचा आवाज खाली खाली जायचा आणि ती ऐकायची. आत काही व्हायचं नाही.

एक दिवस फांदीवरचं हेल्मेट वाऱ्यानं हलत होतं. तिनं उठून आत हात घातला. आत कोरडं, थंड. समोर बघितलं तर बाभळीच्या पुढंच उतार सुरू होत होता.

दुसऱ्या दिवशी शिवेजवळ बाज नव्हती. मिराबाई उताराच्या माथ्यावर काठी घेऊन उभी. घागरीखाली घ्यायची चुंबळ तिनं हेल्मेटात कोंबली होती, म्हणजे ते डोक्यावर घट्ट बसावं.

"घाल," ती पहिलीला म्हणाली. पोरगी ब्रेक दाबत हेल्मेटासकट खाली उतरली आणि तळाला थांबली. मिराबाई मागून चालत गेली, हेल्मेट काढून घेतलं, आणि दगडाजवळून पुन्हा वर आली. "आता तू."

तांडा बघायला जमला. वसराम म्हणाला, "कायद्यात असं नव्हतं, याडी."

"कायद्यात उतारही नव्हता."

"तकलीफ काहून घेऊन राहिली?" बाबूसिंग म्हणाला. "मी फटफटीवर आणून देतो वर."

"तुझी फटफट धा लाथा खाल्ल्याबिगर हलत न्हाई. तवर माह्या दोन खेपा व्हतील."

दुसरी गेली, तिसरी गेली. मिराबाईला धाप लागली होती. दर खेपेला दगड लागायचा, ती त्याच्याकडं बघायची नाही.

पुजा शेवटी. गोरेगावातून शाळेची घंटा ऐकू आली.

"दादी, उशीर हून राहिला. मास्तर बाहेर उभं करतील."

"उभी ऱ्हाय." तिनं पुजाच्या हनुवटीखाली पट्टा ओढला. "दुखते का?"

"व्हय."

"दुखू दे."

पुजा निघाली. ब्रेक किरकिरले. दगड आला, मागं पडला. सायकल तळाला जाऊन थांबली, तोवर मिराबाई जागची हलली नाही. मग उतरली.

पुजानं हेल्मेट तिच्या हातात दिलं आणि पायडल मारत निघून गेली. मिराबाईनं आतली चुंबळ काढली. पोरीच्या घामानं ती ओली झाली होती, ऊन होती. तिनं ती दोन्ही हातांत धरली. परत वर निघाली, आणि अर्ध्या वाटेत पाय थकले तेव्हा त्याच दगडावर टेकली.

"याडी," वरून बाबूसिंगनं हाक मारली, "हेल्मेट?"

"थांब की मेल्या," ती म्हणाली. चुंबळ अजून ऊन होती.