बांगडीचा ओरखडा

“बाबा, आई गेली.”

भंडाऱ्याच्या दवाखान्यातून मंजुषाचा फोन आला तेव्हा नंदलालच्या दुकानात झेरॉक्सचं मशीन चालू होतं. सुखरामच्या सातबाराच्या प्रती निघत होत्या. नंदलालने मशीन थांबवलं नाही. शेवटचा कागद बाहेर पडल्यावर सगळे जुळवून त्याने सुखरामच्या हातात दिले आणि मग शटर ओढलं. प्रत्येक प्रतीवर, उजव्या कडेपासून दोन बोटं आत, धानाच्या दाण्याएवढी काळी खूण होती.

ती खूण गीताची. मोहाडीच्या तहसीलसमोरच्या या दुकानात मशीन त्याची बायको गीताच चालवायची. नंदलाल गिऱ्हाइकं पाहायचा. मागच्या उन्हाळ्यात अडकलेला कागद ओढताना तिची काचेची बांगडी फुटली आणि आतल्या, छाप उमटवणाऱ्या ड्रमवर ओरखडा उठला.

“मशीनमंधी हात घालताना बांगड्या काढत जाय ना वं!” नंदलाल ओरडला होता.

“तुमी जित्ते हाव ना? मंग कायले काढू?”

बांगड्यांसकटच ती गेली.

तेरवी झाली आणि दुकान उघडलं त्याच दिवशी राजकुमार मेकॅनिक नवा ड्रम घेऊन हजर.

“काकाजी, मंजुषाताईनं मागवला. बसवून देऊ?”

“हात नको लावू.”

“अजी, डाग पडून रायला. समोरचा दुकानदार गिऱ्हाईक ओढून रायला तुमचं.”

“ओढू दे.”

“घासला हाय जी थो. तसाही जाईनच.”

“जाईन तवा जाईन. मी नाही काढत.”

राजकुमारने मान हलवत ड्रमचं खोकं टेबलाखाली सरकवलं. तेवढ्यात कुंताबाई आली, हातात सकाळीच नेलेली प्रत.

“हे पाय भाऊ, बाबूनं वापस केली. नेमका आकड्यावरच डाग.”

राजकुमार हसला. नंदलालचं डोकं तापलं. “मंग समोर जा ना, बाई. तिथं चकचकीत भेटते.”

“कायले जाऊ? गीता असताना कवा डाग पडला? थे कागद जरासा सारे, अन् लहान करे. पायलं नाही का तुमी कधी?”

नंदलालने पाहिलं नव्हतं. इतकी वर्षं ती पाठमोरी उभी असायची आणि तो रस्त्याकडे तोंड करून बसायचा.

त्याने काचेवर कागद ठेवला, बोटभर सारला. खूण शेवटच्या अक्षरावर आली. कागद चुरगळून टाकला.

“काकाजी, टोनर वाया जाऊन रायला,” राजकुमार म्हणाला.

“माझा जाऊन रायला. तुह्या बापाचा नाही.”

त्याने आकार थोडा कमी केला, कागद पुन्हा सारला. या खेपेला खूण कोऱ्या समासात पडली, एकटी. कुंताबाईने प्रत उजेडात धरली.

“हां. अस्सी काढे थे.”

तिच्यामागे आणखी दोघं उभे होते. दिवसभरात बरेच कागद चुरगळले, पण कोणाच्याही आकड्यावर खूण पडलेली प्रत दुकानाबाहेर गेली नाही.

संध्याकाळी मंजुषाचा फोन आला. “बाबा, ड्रम बसवला?”

“नाही.”

“मंग कवा बसवता?”

“हा जुना मरन तवा.”

नंदलालने फोन ठेवला आणि मशीनवरची धूळ गीताच्याच फडक्याने पुसली.

खोकं टेबलाखालीच आहे. ते अजून फोडायचं राहिलं आहे.