वारा पडला की निघू

कप्तान हे काही त्याचं नाव नव्हे, आणि हुद्दा तर नव्हेच नव्हे. जन्मभर विम्याच्या कचेरीत टेबलामागे बसलेला माणूस. निवृत्त झाला, राहतं घर विकलं, शिडाची छोटी बोट घेऊन बायकोसह तिच्यावर राहायला आला आणि सोनेरी दोऱ्याची टोपी चढवली. धक्क्यावरचे लोक त्याला कप्तान म्हणू लागले. थट्टेनं म्हणतात हे बायकोला पहिल्याच दिवशी कळलं. त्याला अजून कळायचंय.

घर विकायला तिनं होकार दिला तो एकाच गोष्टीसाठी. धक्का दिसेनासा होईल इतक्या लांब, शीड उभारून, एकदा तरी समुद्रात जायचं. लहानपणापासूनचं वेड म्हणा. बोट चालवायच्या वर्गाला दोघं मिळून गेली होती. ती दोर आणि सुकाणू शिकून आली, तो टोपी घेऊन आला.

निघायचा विषय काढला की ह्याचं ठरलेलं, "अगं, वारा जरा पडू दे, मग निघू."

"अहो, वारा पडल्यावर शीड काय तुमच्या फुंकरीनं चालणार?"

त्यावर तो टोपी नीट करायचा. एकदा म्हणाला, "खरी अडचण वाऱ्याची नाहीच. हे होडकं आहे. मोठी बोट घेऊ, मग बघ कशी फिरवतो तुला!"

होडकं लहान होतं, खोटं कशाला बोला. ती चुलीपाशी जायला निघाली की त्यानं पाय वर घ्यायचे, आणि तो पाय खाली सोडून उठला की त्याचं डोकं छताला आपटायचं. तिला त्याचं काही वाटत नव्हतं. पण समुद्रात जायला मिळणार म्हणून ती मोठ्या बोटीलाही हो म्हणाली. जुनी शेजारीच बांधून ठेवली, कारण कप्तान तिची किंमत अशी सांगायचा की गिऱ्हाईक ऐकूनच चालतं व्हायचं.

मोठी बोट म्हणजे काय थाट! दोन खोल्या, उभं राहता येईल असं स्वयंपाकघर.

"आता निघायचं?" तिनं विचारलं.

"अगं, आधी बस्तान तर बसू दे!"

बस्तान बसलं ते असं बसलं की उठायचं नाव घेईना. सोफा आला. कपडे धुवायचं यंत्र आलं. डोलकाठीवर टीव्हीची तबकडी चढली, कठड्याला कुंड्या टांगल्या. पलीकडच्या बोटीवरची मास्तरीण ओरडून म्हणाली, "वहिनी, आता वर एक मजला काढा, भाडेकरू ठेवता येईल!" वहिनी हसली खरी, पण आतून जळत होती.

शेवटी तिनं सांगून टाकलं, "येत्या रविवारी निघायचं. सबब नको."

रविवारी सकाळी वारा झकास सुटला होता. तिनं कुंड्या उतरवल्या, वाळत घातलेले कपडे काढले, धक्क्यावरून आलेली विजेची वायर सोडवली. मग शिडाची पिशवी उघडली. आत सोफ्याच्या उशा.

"अहो, शीड कुठंय?"

कप्तान चहाचा कप घेऊन बोटीच्या मागच्या भागात बसला होता. त्यानं मान वर केली. तिनंही केली. त्याच्या डोक्यावर पांढऱ्याशुभ्र जाड कापडाचं छप्पर ताणलेलं होतं, कडेला निळी झालर.

"तू बाजारात गेली होतीस तेव्हा शिंप्याकडून आणून लावलं," तो म्हणाला. "सावली काय पडते बघ! कापड मात्र एक नंबर हं."

तिला रडूच फुटलं. इतकं, की कप्तानानं कप खाली ठेवला. "अगं, त्यात काय एवढं? वारा पडला की दुसरं शिवून घेऊ."

तिनं पदरानं डोळे पुसले. ती शेजारच्या होडक्यात उतरली, गाठ सोडली, शीड वर ओढलं. जुनं होतं, ठिगळांचं होतं, पण ते एकदम भरलं.

"अगं ए! एकटी कुठं निघालीस? ऊन लागेल! जेवणाचं काय?" टोपी हातात धरून कप्तान कठड्याशी धावला. मागं यायला त्याच्याकडे दोन खोल्या होत्या, सोफा होता, झालर होती. "परत कधी येशील?"

सुकाणू धरून तिनं मागं वळून पाहिलं. किती वर्षांनी इतकी मोकळी हसली असेल, देव जाणे.

"वारा पडला की येते!"

कप्तान छपराखाली बसून वाट बघत राहिला. डोक्यावरचं कापड दिवसभर फडफडत होतं.