सावलीतली चाळीस रोपं

निवृत्तीच्या तिसऱ्या दिवशी त्यानं घरातले सगळे नळ उघडून वायसर बदलले. चौथ्या दिवशी स्वयंपाकघरातले डबे उंचीनुसार लावले. तीस वर्षं रुग्णवाहिका चालवलेला माणूस. बूड टेकून बसणं त्याला ठाऊकच नव्हतं.

"माझ्या डब्यांना हात लावाल तर याद राखा!" बायको म्हणाली. ती शाळेत गणित शिकवायची, तिची नोकरी अजून चालू होती. "मागच्या भिंतीलगत ऊन येत नाही, गवतसुद्धा उगवत नाही. तिथं काहीतरी लावा."

रोपवाटिकावाल्या बाईनं चाळीस रोपं दिली. सावलीत जमिनीलगत पसरणारी, बाराही महिने हिरवी, एकदा रुजली की वर्षानुवर्षं टिकणारी. "वीतभर अंतर ठेवा, माती ओलसर ठेवा आणि धीर धरा. पहिले दोन महिने सगळं काम खालीच चालतं, वर काही दिसत नाही."

नेमकं तेच त्याला सोसवेना. आठवड्याभरात त्यानं एक रोप उपटून मुळं पाहिली, परत खोचलं. मग दुसरं, मग तिसरं. महिना व्हायच्या आत बारा रोपांनी माना टाकल्या.

एका दुपारी बायकोनं त्याला रंगेहाथ पकडलं. "अहो, हे काय चाललंय?"

तो हातातल्या रोपाकडे बघत राहिला. "एवढी माणसं नेली मी. इस्पितळाच्या दाराशी उतरवायची आणि गाडी वळवायची. पुढे कुणाचं काय झालं, कळलंच नाही. आधी विचारायला वेळ नव्हता. नंतर हिंमत झाली नाही."

बायकोनं त्याच्या हातातलं रोप घेतलं, लावलं, माती दाबली.

त्याच आठवड्यात परगावी त्याची थोरली बहीण पडली, खुब्याचं हाड मोडलं. तो धावला. शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेर चार तास येरझाऱ्या घालत होता. "काका, फरशी झिजेल," नर्स म्हणाली. दोनदा तो जिन्यापर्यंत जाऊन परत आला. डॉक्टर बाहेर येऊन "ठीक आहेत" म्हणाले, तेव्हा त्यानं तेच तीनदा विचारून घेतलं.

घरी रोज फोन. "रोपं?"

"पाणी घालते. उपटून बघत नाही."

सव्वा महिन्यानं बहीण त्याच्या दंडाला धरून फाटकापर्यंत चालली. "अरे, हळू! सायरन बंद कर," ती खेकसली. त्याला हसू आलं आणि डोळेही भरले.

घरी परतल्यावर तो पिशवीसकट थेट मागे गेला. अठ्ठावीस रोपांनी फुटवे काढले होते. त्यानं एक हलकेच ओढून पाहिलं. हललं नाही.

"त्या बारा जागाही आपोआप भरतील म्हणे," बायको म्हणाली. "पुढच्या वर्षापर्यंत."

"पुढच्या वर्षापर्यंत?" तो म्हणाला आणि अंगणात फेऱ्या मारू लागला.