न दिसणाऱ्या ड्राइव्हची कृपा

औषधाच्या दुकानातल्या बाईंनी तिला एकदा हटकलं होतं, "तुमचे सासरे हल्ली फार खुशीत दिसतात हो. जरा लक्ष ठेवा." तिने ते हसण्यावारी नेलं. खुशीतल्या माणसावर कोण लक्ष ठेवतं? तिचा सगळा जीव लेकीत, मुंगीत. मुंगी शिंकली की ही थर्मामीटर काढणार, आणि दिवसभर शिंकली नाही तरी काढणार.

आबांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, फुप्फुसावर डाग निघाला होता. उद्या ऑपरेशनची तारीख ठरवायला पुन्हा सर्जनकडे जायचं होतं. स्कॅनची डिस्क पिशवीत भरावी म्हणून तिने कपाट उघडलं, तर डिस्क नाही. आबाही नाहीत.

दोन्ही सापडली शेजारच्या इमारतीतल्या, बंद पडलेल्या व्यायामशाळेत. काय ती गर्दी! प्रत्येकाच्या हातात हॉस्पिटलची डिस्क. लोक मिळेल त्या यंत्रावर टेकले होते. एक आजी सायकलवर बसून श्रद्धेने हळूहळू पायडल मारत होत्या. समोर, वजनं उचलायच्या बाकावर, स्पंदनांनी आजार घालवतो म्हणवणारे स्पंदनगुरू बसले होते. शेजारी एक जुना कॉम्प्युटर, आणि त्यावर दिसेल ते मागच्या भिंतीवर मोठं करून दाखवलेलं.

"हा बघा ड्राइव्ह," गुरूंनी भिंतीवर उमटलेल्या, कॉम्प्युटरच्या भागांच्या यादीतल्या एका नावाकडे बोट दाखवलं. "डिस्क वाचणारा यंत्राचा डोळा. आता तुमचे डोळे मिटा आणि घुमा."

सगळ्यांनी डोळे मिटून "हूं" धरला. तिच्या कडेवर मुंगी होती, आणि कडेवर लेकरू असलेली बाई परक्या हॉलमध्ये डोळे मिटत नाही. गुरू कॉम्प्युटरच्या कॅबिनेटच्या, म्हणजे खोक्याच्या, पाठीवरून हात फिरवताना तिला दिसले. मग त्यांचं एक बोट कशात तरी अडकलं आणि हळूच मागे आलं.

लोकांनी डोळे उघडले, तर यादीतून ड्राइव्ह गायब.

"यंत्र शुद्ध झालं," गुरू म्हणाले. "आजार असेल तर आता स्वतः सांगेल. मी काही करत नाही बरं का, मी निमित्त."

पहिले शिंपीमामा. डिस्क आत गेली, ट्रे मिटला, दिवा लुकलुकला, आत घरघर झाली. भिंतीवर काही नाही.

"कुठंय मुतखडा?"

"दिसत नाही, गुरुजी. पण दुखतंय अजून."

"ती सवय आहे. जाईल हळूहळू."

नंतर आबा. तेच. ट्रे मिटला, दिवा लुकलुकला, भिंत कोरी. आबांचे डोळे भरून आले.

"आबा, घरी चला," ती पुढे होऊन म्हणाली. "आत्ता काढला तर निघेल, थांबलो तर हाताबाहेर जाईल, सर्जन म्हणालेत ना?"

"सर्जनला दिसला होता म्हणून म्हणाला तो, सूनबाई. आता यंत्रालाच दिसत नाही, तर कापणार काय?" त्यांनी खिशातून फोन काढला. "थांब, कळवूनच टाकतो, येत नाही म्हणून."

फोन हिसकावून घेतला असता तर आबांनी घरी जाऊन पुन्हा लावला असता. तिने मुंगीच्या हातातली बडबडगीतांची डिस्क मागितली. मुंगी ती झोपेतही सोडत नसे. आता दिली, कारण ट्रे तिला फार आवडला होता.

"गुरुजी, हिचीही एक बघता?"

"बाळाला काय होतंय?"

"तेच बघायचंय."

ट्रे मिटला, दिवा लुकलुकला. गुरूंनी हात पसरले. "ठणठणीत."

"यावर हत्तीचं गाणं आहे," ती म्हणाली. "ते पण बरं झालं का?"

सायकलवरच्या आजींनी पायडल थांबवलं.

"गाण्यातही विकार असतात, ताई," गुरू म्हणाले.

"हत्ती कुठंय?" मुंगीने विचारलं.

ती कॅबिनेटकडे वळली. "हात लावू नका, स्पंदनं फुटतील," गुरू म्हणाले. "फुटू द्या," ती म्हणाली आणि कॉम्प्युटर रीतसर बंद केला. घर बदललं तेव्हा तिच्या कॉम्प्युटरमधूनही ड्राइव्ह असाच गायब झाला होता. तेव्हा ती घुमली नव्हती, स्क्रू काढले होते.

"ट्रे हलतो, दिवा लागतो, म्हणजे ड्राइव्हला वीज मिळतेय," बाजूचा पत्रा काढत ती म्हणाली. "पण वाचलेलं कॉम्प्युटरला पोचवायला वेगळी वायर असते. ती निघाली की ड्राइव्हच दिसत नाही. मग डिस्क माझी घाला नाहीतर हत्तीची. ही बघा."

चपटी वायर लोंबकळत होती. तिच्या टोकाला पारदर्शक दोरा, दोरा पंख्याच्या फटीतून बाहेर, आणि बाहेरच्या टोकाला बोट जाईल एवढी कडी.

गुरू पाणी प्यायला म्हणून उठले, ते परत आलेच नाहीत. तिने वायर खोचली, कॉम्प्युटर सुरू केला. यादीत ड्राइव्ह हजर. हत्तीचं गाणं व्यायामशाळेत दणाणलं, मुंगी नाचली. शिंपीमामा लाजत म्हणाले, "ताई, तेवढा माझा खडा बघता?"

"मी बघून काय उपयोग, मामा? डॉक्टरांना दाखवा."

आबांनी मात्र आपली डिस्क स्वतः घातली. भिंतीवर त्यांची छाती उमटली, करडी, भली मोठी, आणि तिच्यात तो डाग. त्यांनी भिंतीजवळ जाऊन डागावर बोट ठेवलं.

"बारकासा तर आहे," ते म्हणाले.

"बारका आहे तोवरच जायचंय, आबा."

त्यांनी फोन खिशात टाकला. "उद्या कधी निघायचं म्हणालीस?"

त्या दिवशी तिथे एवढंच सिद्ध झालं होतं की कॉम्प्युटरला ड्राइव्ह दिसत नाही. माणसाच्या छातीत काय आहे, याबद्दल तो एक अक्षर बोलला नव्हता. बोलले ते गुरू. चमत्कार दाखवणाऱ्याने डोळे मिटा म्हटलं की उघडे ठेवावेत, आणि आजार गेला म्हटलं की ज्याने आजार शोधला त्याच्याकडूनच पुन्हा तपासून घ्यावं.

पण आधीच्या सभांतून "बरे" होऊन गेलेल्यांचं काय? गुरूंनी त्यांना डिस्क खिडकीत टांगायला सांगितल्या होत्या, आरोग्याची खूण म्हणून. घरी येताना तिला वरच्या मजल्यांवर काही चमकताना दिसल्या. जिथे दार उघडलं तिथे ती बोलली. काही दारं उघडलीच नाहीत, आणि गुरू आता कुठल्या वस्तीत घुमवत असतील कोण जाणे. म्हणून तिचं तुमच्याकडे मागणं आहे: समोरच्या खिडकीत अशी डिस्क लटकताना दिसली, तर आजच जाऊन बेल वाजवा. दार उघडेपर्यंत थांबा, आणि विचारा, डॉक्टरांकडे शेवटचं कधी गेला होतात?