साहेब सहा तासांत गंभीर

रुग्णालयाच्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. डॉक्टर, कारकून, लिफ्टवाला, एवढंच काय, स्वयंपाकघरातला आचारीही हात पुसत येऊन उभा होता. समोरच्या पडद्यावर वॉर्डातल्या तीस खाटांचे तीस चौकोन होते. एकोणतीस हिरवे आणि सात नंबरचा लालभडक.

"सकाळी आठ वाजता मशीन काय म्हणालं? सात नंबर बिघडणार!" मशीन विकणाऱ्या कंपनीचा माणूस माइकवर गरजला. "आणि अकरा वाजता काय झालं?"

"बिघडला!" सगळे एका सुरात ओरडले. पेशंट बिघडल्याचा एवढा आनंद त्या इमारतीत पूर्वी कधी झाला नसेल.

"हे मशीन झोपत नाही, चहाला जात नाही, रजा मागत नाही. हे नुसतं गणित नाही मंडळी, ही दृष्टी आहे!"

संचालकसाहेबांनी चक्क हात जोडले. शिकलेल्या माणसाने हात जोडले की बाकीच्यांनी डोकं वापरायची सोयच उरत नाही. टाळ्यांचा पाऊस पडला.

मागच्या रांगेत आकडेबाई बसल्या होत्या. त्यांचं पद संख्याशास्त्रज्ञाचं; पण तो शब्द जिभेला जड, म्हणून सगळे त्यांना आकडेबाईच म्हणत. बावीस वर्षं रेकॉर्ड रूममध्ये बसून किती पेशंट आले, किती बरे झाले आणि कशामुळे, हे शोधण्यात त्यांचा जन्म गेला होता. टाळ्या वाजल्या की त्यांच्या तोंडी एकच प्रश्न येई, आणि तो त्यांनी उभं राहून विचारला.

"कितीपैकी किती?"

"म्हणजे?"

"म्हणजे आजवर किती खाटा लाल झाल्या, त्यातल्या किती खरंच बिघडल्या? आणि हिरव्या असताना किती बिघडल्या?"

कंपनीचा माणूस हसला. रेकॉर्ड रूममधल्या पोरींनी त्याचं नाव त्रिकालदर्शी ठेवलं होतं, ते उगाच नव्हे. "मॅडम, तुमचं शास्त्र आता म्हातारं झालं. मशीन स्वतः शिकतं. काय शिकतं ते आम्हालाही सांगता येत नाही. तीच तर त्याची ताकद!"

आपल्याला कळत नाही हे मोठ्या तोंडाने सांगून वर पैसे मागणारा माणूस आकडेबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. साहेबांनी जाहीर केलं, की एक तारखेपासून त्या वॉर्डातल्या नऊपैकी सहा सिस्टर्स कमी करणार. लक्ष ठेवायला मशीन आहेच. आणि तीन तारखेला आकडेबाईंच्या सासूबाईंचं ऑपरेशन होऊन त्या त्याच वॉर्डात येणार होत्या.

त्या तडक वॉर्डात गेल्या. थोरली सिस्टर सहाजणींच्या यादीत सर्वांत वर होती, तरी शांतपणे नाडी मोजत होती.

"सिस्टर, सात नंबरचं तुम्हाला केव्हा कळलं?"

"पहाटेच. ओठ बघून मला काही बरं वाटेना. मग सहापासून दर अर्ध्या तासाने बघत होते."

"एरवी नोंद केव्हा घेता?"

"चार-चार तासांनी. पण ज्याचा चेहरा आवडत नाही त्याच्याकडे सारखी जाते. जाईन तेव्हा नोंद करते. आमच्यात सगळ्याच तसं करतात."

"चेहरा आवडला नाही, हे कुठे लिहिता?"

"ते काय लिहायचं, बाई? त्याला रकाना आहे का?"

आकडेबाईंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. त्यांनी दोन वर्षांच्या नोंदी काढल्या. रक्तदाब, नाडी, ताप, सगळे आकडे झाकून टाकले आणि फक्त दिवसाला नोंदी किती झाल्या तेवढं मोजलं. ज्याच्या नोंदी जास्त, तो बिघडणार. बस्स, एवढाच नियम. त्याच नोंदी मशीनला दिल्या, तर ते शंभर बिघडणाऱ्यांतले नव्वद पकडत होतं, आणि आकडेबाईंचा कागद एकोणनव्वद. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच!

पण नुसता कागद दाखवून भक्त शुद्धीवर येत नसतात. विश्वस्तांची सभा ठरली, तेव्हा आकडेबाई साहेबांना गोड आवाजात म्हणाल्या, "साहेब, आज चमत्कार तुमच्यावरच दाखवू या ना." साहेब खूश. त्रिकालदर्शी त्याहून खूश.

सकाळभर थोरली सिस्टर दर पंधरा मिनिटांनी साहेबांची नाडी आणि रक्तदाब मोजून रिकाम्या बारा नंबरच्या खाटेवर नोंदवत राहिली. सगळे आकडे ठणठणीत. साहेब खुर्चीत बसून चहात बिस्किट बुडवत होते. दुपारी विश्वस्तांसमोर पडदा उजळला, तेव्हाही त्यांचं बिस्किट चालूच होतं.

बारा नंबर लाल. खाली अक्षरं आली: सहा तासांत गंभीर.

साहेबांचं बिस्किट चहात पडलं. सभागृहात कुणीतरी फिस्सकन हसलं.

"आता तेरा नंबर," आकडेबाई म्हणाल्या. "या रिकाम्या खाटेवर गेल्या वर्षीच्या एका खऱ्या पेशंटच्या नोंदी भरल्यात. रक्तदाब तासातासाने ढासळत गेला होता. एकही आकडा मी बदललेला नाही. फक्त सिस्टरांनी काळजीने घेतलेल्या मधल्या नोंदी काढल्यात. चार-चार तासांच्याच ठेवल्यात. एक तारखेनंतर तेवढ्याच राहणार आहेत ना?"

तेरा नंबर हिरवागार होता.

"ही... ही अपवादात्मक केस आहे," त्रिकालदर्शी घाम पुसत म्हणाला. "मशीन अजून शिकतंय."

"शिकतंय ना. सिस्टरकडूनच शिकतंय! तिला ज्याची काळजी वाटते त्याच्याकडे ती जास्त वेळा जाते. तुमचं मशीन तिच्या फेऱ्या मोजतं आणि दृष्टी म्हणून विकतं. आणि तुम्ही मास्तरणीलाच घरी पाठवायला निघालात! उद्या फेऱ्या थांबल्या की तीसही खाटा हिरव्या दिसतील. माणसं मरतील, पडदा हिरवाच राहील."

"हा तेरा नंबर कोण?" एका विश्वस्तांनी विचारलं.

"माझ्या सासूबाई. या थोरल्या सिस्टरांनी दर अर्ध्या तासाने जाऊन पाहिलं म्हणून त्या वाचल्या. तीन तारखेला पुन्हा इथेच येणार आहेत."

साहेबांनी सहाजणींची यादी खिशातून काढली आणि सगळ्यांसमोर फाडली. त्यांना पश्चात्ताप झाला होता की नुसती लाज वाटली होती, कोण जाणे. त्रिकालदर्शी वायरी गुंडाळून मागच्या दाराने निघून गेला. दुसऱ्या एखाद्या गावात त्याला हात जोडणारे मिळतीलच.

मशीन वाईट नसतं हो. वाईट असते ती आपली हात जोडायची घाई. बुवाच्या राखेतून आलेला असो की वायरीतून, चमत्कार समोर आला की आधी विचारावं: कितीपैकी किती? हा शिकला कुणाकडून? आणि शिकवणाऱ्याला काढलं तर मागे काय उरतं? एवढं विचारायला पदवी लागत नाही, थोडी हिंमत लागते.

संध्याकाळी सासूबाईंनी विचारलं, "काय गं, मशीन काय म्हणालं माझ्याबद्दल?"

"ठणठणीत आहात म्हणालं."

"गेल्या वर्षीच्या त्या दिवशी?"

"हो, त्याच दिवशी."

सासूबाई म्हणाल्या, "त्या सिस्टर आहेत ना गं अजून?"

"आहेत."

"मग भर माझी बॅग."